सासऱ्यांचं रक्त गुलाबी होईना

माझ्या सासऱ्यांनी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या नारळ फोडून तापीत सोडल्या, त्याला कारण माझं तोंड. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मोकळेपणानं सांगता येईल.

मी बऱ्हाणपुरात, इतवाऱ्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं टेक्निशियन आहे. लोकांचं रक्त काढतो, तपासतो, आणि सुई टोचताना त्यांचं लक्ष दुसरीकडं जावं म्हणून बोलत राहतो. सव्वीस वर्षांत सुई किती सुधारली ते लोकांनी सांगावं, बोलणं मात्र फार सुधारलं. लॅब एका डॉक्टर मॅडमची. रिपोर्टवर सही त्यांची. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एक नियम सांगितला होता की त्यांची सही होईपर्यंत आकडा खोलीबाहेर जाणार नाही. हा नियम मी सव्वीस वर्षं पाळला. एकदाच मोडला, तो सासऱ्यांसाठी.

सासरे शाहपूरचे. केळीवाले. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला मामी, म्हणून मीही तेच म्हणतो. मामांचं वय त्र्याहत्तर, आणि मिशा अशा की बघणाऱ्याला वाटावं, मिशा आधी आल्या आणि मामा मागाहून. दोन वर्षांपूर्वी केळीच्या बागेत त्यांच्या छातीत कळ आली. जळगावला नेलं, हृदयाच्या नळीत छल्ला, म्हणजे स्टेंट, टाकला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज जेवणानंतर ही एक गोळी, जन्मभर. आणि दर सहा महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासायचं.

"जन्मभराचा शब्द मी एकदाच दिला होता," मामा मामींकडं बघून म्हणाले, "तोच अजून निभावू राह्यलो."

गोळी ते घेत, पण रोज एखाद्या दंडासारखी. आणि सहा महिन्यांनी माझ्याकडं रक्त द्यायला येत, तेव्हा डोळ्यांत एकच प्रश्न असे. आता तरी सुटलो का?

या मार्चमध्ये ते सकाळी आठलाच आले. पांढरा सदरा, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत बंद. उकाडा सुरू झाला होता, तरी बंद. त्यांनी फक्त उजवी बाही वर केली. डावीकडं मी बघितलंच नाही, कारण मी बोलण्यात होतो. रक्त दिलं आणि ते चौकातल्या मावा जलेबीच्या, म्हणजे खव्याच्या जिलबीच्या, दुकानासमोर जाऊन बसले. खायला नाही, असं ते म्हणाले. फक्त वासाला.

आता कोलेस्टेरॉल मोजतात कसं, हे इथं सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. शाहपूरच्या माणसाला मी ते केळीच्या भाषेत सांगतो. कोलेस्टेरॉल ही चरबी. ती पाण्यात मिसळत नाही, म्हणून रक्तात तिला मोकळी सोडता येत नाही. तिला गाडीत भरून न्यावं लागतं. या गाड्या म्हणजे लिपोप्रोटीन. काही गाड्या लिव्हरमधून माल भरून निघतात आणि गल्लीबोळात उतरवत जातात, त्यांना आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो. काही गाड्या पडलेला माल गोळा करून परत आणतात, ते चांगलं. गाड्या वाईट किंवा चांगल्या, माल मात्र एकच. आम्ही रक्ताच्या वरच्या पिवळसर पाण्यात एक रसायन टाकतो. त्यात तीन एन्झाइम असतात, म्हणजे तीन हमाल समजा. पहिला गाडीतल्या मालाच्या दोऱ्या सोडतो. दुसरा एकेका नगाला हात लावतो आणि प्रत्येक नगामागं हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब बाजूला पडतो. तिसरा हमाल तो थेंब उचलतो आणि त्यातून गुलाबी रंग तयार करतो. माल जितका जास्त, रंग तितका गडद. मशीन फक्त रंग बघतं. कोलेस्टेरॉल त्यानं कधीच बघितलेलं नाही.

चांगल्या गाड्या वेगळ्या मोजायच्या, तर आधी एक दुसरं द्रव टाकून बाकीच्या जड गाड्या खाली बसवायच्या, फिरवायच्या, आणि वर जे उरेल त्यात पुन्हा तेच तीन हमाल. वाईट गाड्यांचा आकडा मग वजाबाकीनं काढतो.

मामांच्या रक्तात रसायन टाकलं. पंधरा मिनिटं झाली. नळीतलं पाणी पाण्यासारखंच राहिलं, जेमतेम गुलाबाची एक पाकळी धुऊन काढावी इतका रंग. मशीननं सांगितलं, एक्क्याऐंशी.

मामांचं कोलेस्टेरॉल गोळी घेऊनही कधी एकशे साठच्या खाली आलं नव्हतं. मॅडम तेव्हा इंदूरला गेल्या होत्या, दुपारी येणार होत्या. मी थांबायला हवं होतं. पण माझ्यासमोर मामांची दोन वर्षांची ती प्रश्नार्थक नजर आली, आणि हातात मोबाइल होता.

"मामा," मी म्हटलं, "एक्क्याऐंशी."

पलीकडं कढईत काहीतरी सोडल्याचा चर्र आवाज, आणि मामा दुकानदाराला सांगताना ऐकू आले, "पाव किलो. नाही, आर्धा किलो. घरी न्यायची नाही, इथंच."

मी खुश होऊन बाकीच्या नळ्या लावल्या. साखर आली अठ्ठावीस. युरिक अॅसिड जवळजवळ शून्य. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, सतरा. आता युरिक अॅसिड जाऊ द्या, पण साखर अठ्ठावीस असलेला माणूस जलेबीची ऑर्डर देत नाही, तो जमिनीवर पडलेला असतो. मी मशीन तपासलं. दुसऱ्या पेशंटचं रक्त लावलं, ते बरोबर आलं. मामांना फोन लावला, उचलला नाही. मामींना शाहपूरला लावला.

"मामी, मामा पोचले का? शुद्धीवर आहेत का?"

"पोचले. इथंच बसून मले शहाणपणा शिकवू राह्यले. आता याले शुद्धी म्हणायची का, ते तुम्हीच सांगा."

"गोळ्या घेतल्या का त्यांनी?"

"गोळ्या?" मामी म्हणाल्या, "त्या तर येताना पुलावरून तापीत टाकल्या म्हणे. नारळ फोडला, हात जोडले, पिशवीतली पाकिटं सोडली. वर म्हणाले, माय, दोन वर्षं सांभाळलं, आता तू सांभाळ. मागं बसची लाइन लागली होती."

मग सहज, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मामी, सकाळी निघताना त्यांनी काही खाल्लं होतं का?"

"छे. उपाशीच गेले. फक्त बाटली लावून गेले."

ज्यांना आमच्या भागातली बाटली माहीत नाही, त्यांना सांगतो. अंगात कणकण असली, कामानं थकवा आला, लग्नात नाचून पाय दुखले, की आमच्याकडं माणूस बाजारात जाऊन सलाइनची बाटली लावून घेतो. डॉक्टर कसले आहेत हे कुणी विचारत नाही, बाटली कुठल्या रंगाची हे विचारतात. साधी पांढरी म्हणजे गरिबाची. त्यात जीवनसत्त्वांची सुई सोडली की ती पिवळीधमक होते, ती ताकदीची. मामांनी त्या दिवशी पहाटे ताकदीची लावली होती आणि वर व्हिटॅमिन सीच्या सात सुया त्यात सोडायला लावल्या होत्या. डाव्या हाताला. म्हणून डावी बाही बंद.

"पण कामून, मामी?"

"तुमच्याकडं यायचं होतं ना," मामी म्हणाल्या, जसं काही मीच वेडा. "तपासणीले. ते म्हणाले, फोटो काढायला जातो तर केस विंचरून जातो का नाही. मग रक्त दाखवायचं, तर तसंच न धुता कसं न्यायचं."

दुपारी मॅडम आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, फोनसकट. त्या रागावल्या नाहीत. राग आला की त्या चष्मा पुसतात, तो त्यांनी बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "तिसरा हमाल."

कळायला मला एक मिनिट लागलं. दुसऱ्या हमालानं बाजूला टाकलेला पेरॉक्साइडचा थेंब तिसऱ्यानं उचलायचा असतो. व्हिटॅमिन सी मध्येच हात घालून तो थेंब फस्त करतं. तिसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, रंग होत नाही, आणि रंग नाही म्हणजे मशीनच्या मते कोलेस्टेरॉल नाही. साखर, युरिक अॅसिड, ट्रायग्लिसराइड, आमच्याकडं सगळं याच रंगावर मोजतात, म्हणून सगळंच खाली. मामांचं रक्त जसंच्या तसं होतं. बाटलीनं फक्त आमच्या मशीनचे डोळे बांधले होते.

"बोलवा त्यांना," मॅडम म्हणाल्या. "बाटली न लावता. आणि गोळी आजपासून परत."

मामा यायला तयार होईनात. "एकदा पास झालेल्या पोराले परत परीक्षेले बसवतात का, जवाईबापू?" मी म्हटलं, मामा, पेपर फुटला होता. ते म्हणाले, "कुणी फोडला? तुमचंच मशीन, तुमचाच फोन."

शेवटी एक दिवस केळीच्या कामानं ते शहरात आले, तेव्हा मी त्यांना चहाच्या नावानं लॅबमध्ये आणलं. मी मोठा बेत केला होता. टेबलावर स्वच्छ पांढरं कापड, त्यावर दोन नळ्या. नाटकाची हौस मला शाळेपासून, त्यामुळं मी कोटसुद्धा इस्त्रीचा घातला होता. तपासणीसाठी विकत मिळणारं सीरम असतं, ज्याचं कोलेस्टेरॉल आधीच ठाऊक असतं. ते दोन्ही नळ्यांत घातलं. मग व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी पेलाभर पाण्यात विरघळवून त्याचा एक थेंब फक्त दुसऱ्या नळीत. मग दोन्हींत रसायन.

"आता बघा मामा," मी म्हटलं. "दोन्हींत माल सारखा. पंधरा मिनिटं."

मामा खुर्ची ओढून बसले, केळीचा घड तपासतात तसे डोळे बारीक करून. पहिली नळी हळूहळू गुलाबी झाली, मग चांगलीच गुलाबी, लग्नातल्या फेट्यासारखी. दुसरी तशीच राहिली. मी हात पसरून उभा राहिलो. मॅडम दारात उभ्या होत्या. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे," मामा सावकाश म्हणाले, "हे औषध काचेतसुद्धा काम करतं."

"मामा, नाही, ते औषध..."

"अर्ध्या घंट्याच्या आत साफ. आणि नुसत्या एका थेंबात. मले तर सात सुया दिल्या होत्या." ते उठले, मिशीवरून हात फिरवला. "मॅडम, तुमचे उपकार. मले मनात थोडी शंका होती, ती आज गेली."

मॅडमनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

पुढच्या आठवड्यात शाहपूरहून सहा माणसं लॅबमध्ये आली. सगळ्यांच्या हातावर कापसाचा बोळा, सगळे ताजे बाटली लावून आलेले, चेहऱ्यावर परीक्षेला अभ्यास करून आल्याचं तेज. त्यांना कोलेस्टेरॉल करून हवं होतं. तपासून नाही, करून. एक जण तर म्हणाला, मुलीसाठी स्थळ बघू राह्यलो, पाहुण्यांना दाखवायला एखादा चांगला रिपोर्ट असावा. मॅडमनी सगळ्यांना परत पाठवलं आणि दारावर पाटी लावली की सलाइन लावून आलेल्यांचं रक्त दोन दिवस घेतलं जाणार नाही. पाटीचा परिणाम उलटा झाला. शाहपुरात चर्चा अशी की बाटलीपुढं लॅबवाल्यांनी हात टेकले.

हे सगळं ऐकून हसू येतं, मलाही यायचं. पण एप्रिलच्या शेवटी मामींचा फोन आला आणि त्या नेहमीपेक्षा हळू बोलत होत्या.

"बागेत जातात ना, तर दर दहा झाडांमागं थांबून घड बघतात," मामी म्हणाल्या. "मी पन्नास वर्षं त्यांना बागेत बघते. असं ते कधी थांबले नाहीत. घड बघत नाहीत ते. दम घेतात."

"गोळी?"

"नाव काढलं तर म्हणतात, तुमच्या जवायानंच सांगितलं, एक्क्याऐंशी."

छल्ला टाकलेलं हृदय, दीड महिना गोळी बंद, आणि दर आठवड्याला जलेबी, आणि या सगळ्यावर माझा आवाज, फोनवरचा, आनंदानं फुललेला. त्यांना काही झालं तर ते मी केलेलं असणार होतं. बायकोला रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "बाबा आयुष्यात कुणाचं ऐकले नाहीत. पण मागणाऱ्याला नाही म्हणालेलेही मी बघितले नाहीत."

"म्हणजे?"

"अधिक महिना लागतोय, अहो."

ही माझी बायको. इतकी वर्षं मी बोलतो आणि ती एका वाक्यात काम करते.

तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो, त्याला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे वाफवलेले धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आणि जावई ताटावर रुसला, तर त्याला हवं ते दिल्याशिवाय तो घास उचलत नाही. नवीन जावई अंगठी मागतो, मोबाइल मागतो. माझ्यासारख्या बावन्न वर्षांच्या, दाढेत दोन सिमेंटं भरलेल्या जावयानं रुसणं म्हणजे जरा शोभत नाही. पण शास्त्रात वयाची अट नाही, हे मी आधी एका गुरुजींना विचारून घेतलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी अकराला आम्ही शाहपूरला पोचलो. वीसेक पाहुणे होते. मामांची थोरली बहीण, म्हणजे बायकोची आत्या, मुद्दाम आलेली. वय ऐंशी, आवाज अजून लिलावाचा. मामींशी बायकोचं आधीच बोलणं झालेलं होतं. मामांना मात्र काही ठाऊक नव्हतं, म्हणजे बाटली नाही. आणि यजमान जावयाच्या आधी जेवत नाही, सकाळपासून पूजेमुळं चहासुद्धा नाही, म्हणजे आदल्या संध्याकाळपासून उपाशी. तपासणीला यापेक्षा चांगला पेशंट लॅबमध्येही मिळत नाही.

मामांनी ताम्हणात माझे पाय धुतले. मला लाज वाटली, पण मी विष्णू होतो. समोर चांदीचं ताट आलं, धोंड्यांवर तुपाची धार. मी हात जोडून मांडीवर ठेवले आणि भिंतीकडं बघू लागलो.

"घ्या ना," मामा म्हणाले.

मी भिंतीकडं.

"रुसला," आत्याबाई म्हणाल्या आणि पुढं सरकून बसल्या. बायकांत कुजबुज सुरू झाली. या वयात काय मागणार. दात बसवून मागेल. नाही, स्कूटर मागेल, जुनी खडखडते.

"बोला, जवाईबापू," मामा म्हणाले, आणि खरं सांगतो, मायेनं म्हणाले. "जे मागाल ते देतो. सगळ्यांसमोर बोललो."

मी बाजूच्या पिशवीतून सुई काढली, हाताला बांधायचा रबरी पट्टा काढला, दोन रिकाम्या नळ्या काढल्या, आणि ताटाशेजारी ओळीनं मांडल्या.

"पाच मिली," मी म्हटलं.

"हे काय मागणं झालं?" मामा म्हणाले. "म्हैस मागा. मागच्या दारी बांधली आहे, बघून घ्या."

"मामा, म्हैस आमच्या घराच्या जिन्यावरून वर येणार नाही."

"दोन मिलीत भागवा."

"दोनमध्ये फक्त वरवरचं कळतं, मामा. गाड्या वेगळ्या करायच्या आहेत."

"तीन."

"पाच."

"चार, आणि वर म्हैस."

"आरे, भाव काय करू राह्यला जवायाशी," आत्याबाईंचा आवाज आला. "माझ्या जवायानं इहीर खणून मागितली होती. तुझ्या भाऊजींनी कुदळ हातात घेतली. तुले चमचाभर रक्त जड झालं का? शब्द दिला ना सगळ्यांसमोर?"

मामांनी मामींकडं बघितलं. मामी अनारसे मोजत होत्या आणि एकोणतिसाव्यावर फार अडल्या होत्या. मामांनी मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. भीती होती, आणि ती मला पहिल्यांदाच दिसली. माझ्या लक्षात आलं की या माणसाला मरणाची नाही, त्या आकड्याची भीती वाटते. एकदा बरं झालो असं सांगितल्यावर पुन्हा आजारी व्हायची.

"मामा," मी हळू म्हटलं, "तो फोन माझी चूक होती. मला ती घेऊन झोप लागत नाही. म्हणून मागतो."

त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. या वेळी डावी.

रक्त काढताना मी एक शब्द बोललो नाही. आत्याबाईंनी नळ्यांना हळदीकुंकू लावलं. मी फक्त झाकणाला लावू दिलं. मामींनी तेहतीस अनारशांवर त्या दोन नळ्या ठेवल्या, शेजारी निरांजन, आणि मामांनी दोन्ही हातांनी ते वाण माझ्यापुढं केलं. नळीतलं रक्त गोठायला अर्धा तास लागतो. सात धोंडे खायलाही तेवढाच लागतो, हे मी तिथं मोजलं. मग बर्फाच्या डब्यात घालून मोटारसायकलनं इतवारा.

मामा आणि मामी दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये हजर. मॅडमनी वेगळं काढलेलं सीरम फ्रीजमधून काढलं आणि म्हणाल्या, त्यांच्यासमोरच लावा. मी रसायन टाकलं. पंधरा मिनिटं वाट बघायला लागली नाही. पाचव्या मिनिटालाच नळी रंगली, आणि रंगतच गेली. मामा बघत होते. दोनशे शहाऐंशी. चांगल्या गाड्यांचं एकतीस. ते आणि ट्रायग्लिसराइडच्या दोनशे चाळिसाचा पाचवा हिस्सा वजा करून वाईट गाड्यांचं दोनशे सात. मॅडमनी सही केली, कागद पुढं केला. या वेळी मी तोंड मिटून उभा होतो.

मामांनी कागद हातात घेतला नाही.

"मॅडम, हे माझं नाही," ते म्हणाले. "मी वाण दिलं. सगळ्यांसमोर दिलं. वाण दिल्यावर परत घेत नाहीत. ते रक्त आता जवाईबापूंचं, आणि त्यात जे काय निघालं तेही त्यांचं."

मॅडम चष्म्याकडं हात नेत होत्या, पण मामी आधी बोलल्या.

"बरोबर आहे," मामी म्हणाल्या. "मग गोळी जवाईबापूंनी खायची."

"हो," मामा म्हणाले.

"आणि आपल्या घरचा जवाई एकटा खाईल? आपण बघत बसू? आपल्या दारात कुण्या पाहुण्याले कधी एकट्यानं खाऊ दिलं तुम्ही?"

मामांचा हात मिशीवर गेला. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. पाहुण्याच्या पंगतीला न बसण्याचा आरोप त्यांच्यावर अजून कुणी केला नव्हता.

"पण मी निरोगी माणूस," मी म्हटलं, कारण मला आता हे जरा माझ्याकडं सरकताना दिसत होतं. "मला कशाला गोळी?"

"तुमचं कधी तपासलंय?" मॅडमनी विचारलं.

सव्वीस वर्षं मी या खोलीत आहे. मॅडमनी पट्टा माझ्या दंडाला बांधला. सुई टोचताना त्या काहीच बोलत नाहीत, फार दुखतं. मी त्या दिवशी काही खाल्लेलं नव्हतं, पण आदल्या दिवशीचे सात धोंडे मनात होते. मॅडमनी स्वतः नळी लावली. गुलाबी झाली. मामांच्या नळीशेजारी ठेवली तेव्हा मामांनी वाकून दोन्हींची तुलना केली, एक डोळा मिटून.

"तुमचा रंग जरा फिका आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "पण माल चांगला आहे."

मॅडमनी धोंड्यांचा विचार करून माझं दहा दिवसांनी परत तपासलं. दोनशे एकोणसत्तर आलं. वडिलांचं हृदय, रक्तदाब, सगळं विचारून माझ्या डॉक्टरनी मलाही गोळी दिली. मामांसाठी मात्र रिपोर्टच्याच दिवशी मॅडमनी जळगावला हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. त्यांनी मामांना बोलवून तपासलं, गोळी परत सुरू केली आणि थोडी वाढवली.

आता रोज जेवणं झाली की साडेआठला शाहपूरहून व्हिडिओ कॉल येतो. मामा ताटावर बसलेले, हातात गोळी. मी इकडं हातात गोळी. ते कधीच आधी घेत नाहीत, पंगतीत आधी पाहुणा. मी गिळतो, तोंड उघडून दाखवतो. मग ते गिळतात, तोंड उघडून दाखवतात. मामी मागून टॉर्च घेऊन त्यांच्या जिभेखाली बघतात आणि म्हणतात, झाली. माझ्या जिभेखाली माझी बायको बघते.